आपलीच फाइल वाचायची राहून जाते

अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाची मुलाखत ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘काय काय विचारतात?’ हा. मग प्रश्नांच्या याद्या जमवल्या जातात, उत्तरं पाठ होतात, चुलतभावाच्या मित्राला कोणत्या खिडकीवर काय विचारलं याच्या कहाण्या फिरू लागतात. पुण्या-मुंबईत आणि नाशिक-नागपूरकडे ही धांदल मी बरीच वर्षं जवळून पाहतो आहे. ओळखीतली मुलं-मुली सल्ल्याला येतात, फायली घेऊन बसतात. मेहनतीत ती कुठेच कमी नसतात, पण ती मेहनत भलत्याच जागी खर्च होते, असं माझं मत होत गेलं आहे. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर जे कागद असतात, ते ज्याच्या नावाचे आहेत त्यानंच बहुतेकदा वाचलेले नसतात.

इथे मुख्यतः एच-१बी व्हिसाचा विचार केला आहे. दरवर्षी मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा भारतीयांचा असतो, आणि महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांचं पुढचं नियोजन या एका शिक्क्यावर अडलेलं असतं.

ही समोरासमोरची मुलाखत पूर्वी इतकी सक्तीची नव्हती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर चित्र बदललं. ऑगस्ट २००३ पासून बहुतेक अर्जदारांना प्रत्यक्ष बोलावलं जाऊ लागलं आणि २००४ च्या कायद्यानं १४ ते ७९ वयाच्या अर्जदारांसाठी मुलाखत हा नियम झाला. त्यातून पुढे सवलती निघाल्या. नूतनीकरण असेल तर कागद जमा करून मोकळं व्हायचं, ज्याला सगळे ‘ड्रॉपबॉक्स’ म्हणतात. २०२४ मध्ये जुना व्हिसा संपून ४८ महिने झाले नसतील तर ही सोय मिळत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मुदत १२ महिन्यांवर आली आणि २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीसाठी ड्रॉपबॉक्स बंदच झाला. त्याच महिन्यात आणखी एक दार मिटलं. आपल्या देशात किंवा जिथे राहतो त्या देशातच अर्ज करा, असा नियम आला, त्यामुळे मेक्सिकोला किंवा दुसऱ्या एखाद्या देशात जाऊन व्हिसाचं स्टॅम्पिंग करून येण्याची वाटही बंद झाली. दहा-बारा वर्षं अमेरिकेत काढलेला माणूस आता नव्या मुलाच्या मागे त्याच रांगेत उभा असतो.

त्या खिडकीवर ठरतं काय, हे आधी समजून घ्यायला हवं. एच-१बी हा आजच्या रूपातला व्हिसा १९९० च्या कायद्यातून आला. वर्षाला ६५,००० जागा, शिवाय अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी २०,०००. आधी नोंदणीतून निवड होते, मग कंपनी अमेरिकेच्या कामगार खात्याकडे एलसीए हा अर्ज भरते. त्यात पद, पगार आणि कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं. मग यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, आय-१२९ हे पिटिशन जातं. ते मंजूर झालं की आय-७९७ हा कागद येतो. म्हणजे नोकरी खास शिक्षण लागणारी आहे का, पगार नियमात बसतो का, हे सगळं खिडकीवर पोचण्याआधीच तपासून झालेलं असतं. कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याला ते पिटिशन त्याच्या संगणकावर दिसतं, आणि मंजूर पिटिशनचा निकाल पुन्हा उकरू नये अशीच त्याला सूचना असते. पिटिशनच्या वेळी माहीत नसलेलं काही समोर आलं, किंवा कागदावरची गोष्ट आणि समोरचा माणूस जुळेना, तर मात्र तो थांबतो आणि प्रकरण यूएससीआयएसकडे परत पाठवू शकतो.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकलेला बरा. पर्यटक आणि विद्यार्थ्यांना आपण परत येणार हे पटवून द्यावं लागतं. एच-१बी आणि (कंपनीअंतर्गत बदलीच्या) एल-१ वाल्यांना कायद्यानं ती अट नाही, पुढेमागे ग्रीन कार्डचा विचार असला तरी चालतो. तरीही लोक सातबारा, फ्लॅटचं खरेदीखत, बँकेच्या ठेवींच्या पावत्या, सासऱ्यांचं पेन्शन बुक असं बाड घेऊन जातात. त्यातलं काहीही कुणी पाहत नाही. तोच वेळ पिटिशन वाचण्यात गेला तर किती बरं होईल.

गेल्या काही काळातला एक प्रसंग सांगतो, कारण मुद्दा त्यात स्पष्ट दिसतो. ओळखीतली एक मुलगी मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे आली होती. इंजिनिअर, हुशार, बोलायला मोकळी. ‘तिथे काम काय करणार?’ असं विचारल्यावर म्हणाली, ‘टेस्टिंग.’ मग तिच्या फाइलमधलं कंपनीचं पत्र काढलं, वकिलानं पिटिशनला जोडलेलं. चार पानी पत्र. त्यात तिच्या कामाची दहा-बारा कलमं आणि प्रत्येकापुढे वेळेची टक्केवारी होती. स्वयंचलित चाचण्यांचा आराखडा तयार करणं, तो लिहिणं, नव्या आवृत्तीतल्या त्रुटींचं विश्लेषण, दोन कनिष्ठ सहकाऱ्यांना मार्गदर्शन. ती हे सगळं खरोखर करत होती, पण ते पत्र तिनं पहिल्यांदाच वाचलं. वाचताना मध्येच थांबून म्हणाली, ‘काका, हे तर मीच करते, पण मी असं कधी सांगितलंच नसतं.’ पत्रातलं पद ‘क्वालिटी अश्युरन्स इंजिनिअर’, एलसीएमधलं कामाचं ठिकाण टेक्सासमधलं, आणि ती घरी सगळ्यांना सांगत होती न्यू जर्सी, कारण कंपनीचं मुख्य ऑफिस तिथे आहे. खिडकीवर ‘टेस्टिंग’ आणि ‘न्यू जर्सी’ ही दोन उत्तरं दिली असती तर ती खोटं बोलली असं कुणी म्हणालं नसतं, पण तीन मिनिटांच्या बोलण्यात दोन ठिकाणी कागदाशी फारकत झाली असती. त्या संध्याकाळी आम्ही एकही प्रश्नोत्तर पाठ केलं नाही. ते पत्र आणि एलसीए शेवटपर्यंत वाचलं आणि पत्रातलं प्रत्येक कलम तिनं आपल्या रोजच्या कामातल्या एखाद्या उदाहरणानं मला समजावून सांगितलं.

मला विचाराल तर खरी तयारी इतकीच आहे. पिटिशनची प्रत कंपनीकडून मागून घ्या. काही कंपन्या ती द्यायला कां-कू करतात, म्हणतात वकिलाकडे आहे, गोपनीय आहे. तरी मागा, पाठपुरावा करा. निदान आय-७९७, एलसीए आणि कंपनीचं पत्र तरी हातात असायलाच हवं. प्रश्न साधेच असतात. कंपनी काय करते, तुम्ही काय कराल, कुठे बसाल, पगार किती, शिक्षण काय, या कंपनीत कसे आलात, आधी अमेरिकेत होतात का. दोन-पाच मिनिटांत आटोपतं. ज्याला आपली फाइल ठाऊक आहे त्याला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आठवावं लागत नाही.

अवघड भाग सुरू होतो तो सल्लागार कंपन्यांच्या नोकरीत. पगार एक कंपनी देते, काम दुसऱ्याच्या ऑफिसात चालतं, मध्ये एखादा व्हेंडर. अमेरिकी व्यवस्थेला या रचनेचा संशय जुना आहे. जानेवारी २०१० मध्ये यूएससीआयएसनं परिपत्रक काढलं, की दुसऱ्याच्या जागेवर काम करणाऱ्याचा खरा मालक कोण हे सिद्ध करा. तेव्हापासून क्लायंटच्या पत्राला सोन्याचं मोल आलं. आयटी कंपन्यांच्या एका संघटनेनं न्यायालयात दाद मागितली, २०२० मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला आणि ते परिपत्रक मागे घेतलं गेलं. पण जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत करार मागवण्याचा अधिकार पुन्हा स्पष्ट लिहिला गेला आहे. म्हणून अशा नोकरीतल्या माणसाला दोन्ही कंपन्यांची नावं सांगता आली पाहिजेत. कोण पगार देतं, कामावर देखरेख कुणाची, प्रोजेक्ट किती काळाचा, हे सरळ सांगावं. ‘मी अमुक बँकेत आहे’ असं म्हणून मधली साखळी झाकायची नाही. कामाचं ठिकाण दुसऱ्या महानगर परिसरात हललं असेल तर कंपनीनं सुधारित पिटिशन भरायला हवं, २०१५ च्या एका निर्णयापासून हे पक्कं झालं आहे. तुमचं ठिकाण हललं असेल आणि पिटिशन जुनंच असेल, तर तो प्रश्न कंपनीकडून सुटल्याशिवाय तारीखच घेऊ नये, असं मी सांगतो.

शिक्षणाच्या कागदांत आपल्याकडच्या काही खास अडचणी आहेत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या इंजिनिअरची पदवी तीन वर्षांची दिसते. बीएस्सीची तीनच वर्षं, पुढे एमसीए. अमेरिकी पदवी चार वर्षांची असल्यानं पिटिशनमध्ये याचं मूल्यमापन जोडलेलं असतं, आणि पदवीतलं एखादं वर्ष कमी पडत असेल तर ते अनुभवाच्या तीन वर्षांनी भरून काढलेलं असतं. आपल्या पदवीचं समीकरण तिथे कसं मांडलं आहे ते अर्जदाराला माहीत हवं.

नावांचा घोळ त्याहून मोठा. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कुठे आईचंही. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. मुलींचं तर लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि काही घरांत पहिलं नावही. दहावीच्या प्रमाणपत्रापासून पिटिशनपर्यंत एकाच बाईची तीन नावं तयार होतात. यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात पूर्वीच्या नावांची जागा असते, तिथे सगळी नावं लिहायची, विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जवळ ठेवायची. पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि नाव वेगळं अशा दोन्ही रकान्यांत काही लिहिलेलं आहे ना, हेही पाहावं. एक रकाना मोकळा असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) छापलं जातं आणि पुढे अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्सपासून बँकेपर्यंत सगळीकडे ते निस्तरावं लागतं.

डीएस-१६० हा फॉर्म स्वतः भरावा, एवढं मी कळकळीनं सांगतो. एजंटकडून भरून घेतला तर कुणी मदत केली हेही त्यात लिहावं लागतं, आणि चूक कुणाचीही असली तरी सही तुमची असते. त्यातल्या दोन प्रश्नांवर चांगली माणसं अडकतात. व्हिसा पूर्वी कधी नाकारला गेला होता का? कागद कमी म्हणून २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली असेल आणि नंतर व्हिसा मिळालाही असेल, तरी तो नकारच धरला जातो, म्हणून उत्तर ‘हो’ असतं. दुसरा प्रश्न अटकेचा. अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं, खटला मिटला, वकिलानं सांगितलं काळजी करू नका, म्हणून लोक ‘नाही’ लिहितात. बोटांचे ठसे सगळं सांगतात. अशा प्रकरणात न्यायालयाच्या अंतिम निकालाची प्रत सोबत ठेवावी. कॉन्सुलेट वैद्यकीय तपासणीलाही पाठवू शकतं, त्याला वेळ धरावा. पण लिहायचं खरंच. जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती ही अमेरिकी कायद्यात कायमची प्रवेशबंदी आणू शकणारी गोष्ट आहे.

म्हणूनच मुलाखतीची उत्तरं घोकून घेणाऱ्या बाजाराचा मला राग येतो. सगळेच वाईट नाहीत. बोलायची भीती घालवणारे, सराव करून घेणारे चांगले लोकही आहेत. पण ‘हे सांगू नका, ते असं फिरवून सांगा’ म्हणणारा सल्लागार पैसे घेऊन बाजूला होतो आणि नकार मुलाच्या नावावर राहतो. रोज कितीतरी लोकांशी बोलणाऱ्या अधिकाऱ्याला पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या वाक्यात ओळखू येतं. शिवाय व्हिसा नाकारण्याच्या निर्णयावर न्यायालयात दाद मागणं जवळजवळ अशक्य आहे. कॉन्सुलेटच्या निर्णयात न्यायालयं सहसा हात घालत नाहीत, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये मुन्योस खटल्यात पुन्हा उचलून धरलं. त्या खटल्यात तर नवऱ्यासाठी दाद मागणारी बायको अमेरिकी नागरिक होती.

इथवर सांगितलं ते अर्जदाराच्या हातातलं. २०२५ नं त्याच्या हाताबाहेरचं बरंच वाढवून ठेवलं.

सोशल मीडियावरच्या खात्यांची माहिती डीएस-१६० मध्ये मे २०१९ पासूनच मागतात, मागच्या पाच वर्षांची. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि (त्यांच्या कुटुंबीयांच्या) एच-४ अर्जदारांच्या ऑनलाइन वावराची तपासणी सुरू झाली आणि खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगण्यात आलं. विद्यार्थ्यांना हा नियम त्या वर्षीच्या जूनमध्येच लागू झाला होता. तपासायला वेळ लागतो, म्हणून रोजच्या मुलाखतींची संख्या कमी केली आणि भारतातल्या डिसेंबरच्या असंख्य तारखा एका ईमेलनं मार्च २०२६ मध्ये, काहींच्या त्याहीपुढे ढकलल्या गेल्या. जुन्या तारखेला आलात तर आत घेणार नाही, असं दूतावासानं जाहीर केलं. तोवर लोक येऊन पोचले होते. दोन-तीन आठवड्यांची रजा, भावाचं लग्न, आईचं ऑपरेशन अशा निमित्तानं आलेली ही माणसं. तिकडे भाड्याचं घर, गाडीचे हप्ते, मुलांची शाळा. कुणाची बायको-मुलं तिकडे आणि तो इकडे, कुणाचं उलट. भारतात बसून काम करायला सगळ्या कंपन्या परवानगी देत नाहीत, त्यात कर आणि माहितीच्या सुरक्षिततेचे प्रश्न येतात. या माणसांनी काहीही चुकीचं केलेलं नव्हतं आणि कोणत्याही तयारीनं हे टळलं नसतं. नियम बदलण्याचा अधिकार त्या देशाला आहे, हे मान्य. पण माणसं घरून निघाल्यावर तारखा उचलून महिनोन्‌महिने पुढे टाकणं हा अन्याय आहे, आणि तो तसा म्हटला गेला पाहिजे.

सोशल मीडियावरच्या खात्यांबाबत एवढंच सांगेन. लिंक्डइनवरचं पद, कंपनी आणि तारखा पिटिशनशी जुळतात का ते पाहा, कारण नोकरीच्या व्हिसात सगळ्यात आधी तेच डोळ्यांत भरतं. ऑनलाइन मजकुरावर देखरेख किंवा तथ्यपडताळणी असल्या कामात असलेल्यांची अधिक कसून चौकशी करण्याच्या सूचना डिसेंबर २०२५ मध्ये अधिकाऱ्यांना गेल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या क्षेत्रातल्या माणसानं वकिलाशी बोलूनच पुढे जावं. घाबरून खाती पुसून टाकू नका. फॉर्ममध्ये लिहिलेलं खातं मुलाखतीच्या आदल्या दिवशी गायब असणं हे त्यातल्या जुन्या फोटोंपेक्षा जास्त प्रश्न निर्माण करतं.

दुसरा मोठा बदल पैशाचा. १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेनं, २१ सप्टेंबरपासून अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी भरल्या जाणाऱ्या नव्या एच-१बी पिटिशनवर १,००,००० डॉलर आकारणी आली. ज्यांच्याकडे वैध व्हिसा आहे किंवा ज्यांचं पिटिशन आधीच मंजूर आहे त्यांना ती नाही. व्हिसाच्या अर्जाची २०५ डॉलरची फी वेगळी. या आकारणीनंतर पुण्यातून थेट एच-१बीवर जाणारा नवा माणूस दुर्मीळ होणार, आणि खिडकीवर दिसणार ते तिकडे शिकून, तिकडेच दर्जा बदलून पहिल्यांदा स्टॅम्पिंगला आलेले आणि जुने नूतनीकरणवाले. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न मुलाखतीच्याही आधीचा आहे. आत्ता भारतात यायलाच हवं का? अमेरिकेत राहण्याचा दर्जा चालू असेल तर पासपोर्टवरचा व्हिसा संपला म्हणून तिथे राहणं बेकायदा ठरत नाही. व्हिसा लागतो तो पुन्हा आत शिरायला. आई-वडिलांना इकडे आजारपण असताना हा हिशेब मांडणं किती क्रूर आहे, हे ज्यांनी तो मांडला त्यांनाच माहीत.

मुलाखतीचा दिवस त्या मानानं सोपा असतो. मुंबईचं कॉन्सुलेट नोव्हेंबर २०११ मध्ये ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून वांद्रे-कुर्ला संकुलात आलं. बोटांचे ठसे आणि फोटो आधी वेगळ्या केंद्रावर होतात. मुलाखतीला फोन, लॅपटॉप, मोठी बॅग काही नेता येत नाही, म्हणून सोबत आलेल्याजवळ ठेवावं. अपॉइंटमेंटला जोडलेला डीएस-१६० चा क्रमांक आणि हातातल्या कागदावरचा क्रमांक एकच आहे ना, हे आदल्या रात्री पाहावं. फॉर्म दुरुस्त करून पुन्हा भरलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. आत काचेपलीकडून माइकवरून आवाज येतो, मागे शंभर माणसं बोलत असतात. नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा असं सांगावं, अंदाजानं उत्तर देऊ नये. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं.

पासपोर्ट परत मिळाला आणि हातात २२१(जी) ची चिठ्ठी आली, तर संकेतस्थळावर ‘रिफ्यूज्ड’ असा शब्द दिसतो आणि घरात रडारड होते. तो अखेरचा निकाल नसतो. चिठ्ठीवर कागद मागितले असतील तर मागितले तेवढेच आणि मागितले तसेच द्यावेत. काही मागितलं नसेल आणि तपासणी चालू आहे म्हटलं असेल तर थांबण्यावाचून मार्ग नाही. ती काही दिवसांत संपते, काहींची महिने चालते. चिठ्ठीच्या रंगावरून भविष्य सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. तिकीट व्हिसा हातात आल्यावरच पक्कं करावं.

आणि शिक्का मिळाला की तो वाचावा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार, खाली छापलेलं कंपनीचं नाव आणि पिटिशनचा क्रमांक आय-७९७ शी ताडून पाहावा. चूक असेल तर निघण्यापूर्वीच कळवावं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना पिटिशन सुरू होण्याच्या तारखेच्या जास्तीत जास्त दहा दिवस आधी अमेरिकेत प्रवेश मिळतो. आत किती दिवस राहता येईल हे व्हिसावर नसतं, ते विमानतळावर नोंदल्या जाणाऱ्या आय-९४ वर असतं. पासपोर्ट पिटिशनच्या आधी संपत असेल तर आय-९४ बहुतेकदा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मिळतं, आणि ती तारीख न पाहिल्यानं नकळत मुदतीबाहेर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर मुलाखतीची तारीख घेण्याआधीच तो नवा करावा, फॉर्ममध्ये नवाच क्रमांक घालावा, आणि जुन्या पासपोर्टावर अमेरिकेचा व्हिसा असेल तर तोही सोबत ठेवावा.